दया कोणाच्या पदरची?

९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्याच्या कोथरूड भागांत एक रानगवा वाट चुकून शिरला. त्यास मारावें अशी इच्छा त्या गर्दींत क्वचितच कोणाची असेल. पाहण्याची मात्र सर्वांस होती. कित्येक तास लोक त्याच्यामागें धांवले. अखेर भुलीचें औषध देऊन त्यास धरण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं तो मेला. निर्दयतेनेंच नव्हे, तर निव्वळ कुतूहलानेंही प्राणहत्या घडूं शकते, हें आम्हां पुणेकरांच्या या विद्येच्या माहेरघरानें त्या दिवशीं सिद्ध केलें.

हें स्मरणांत ठेवूनच जुन्नरकडे पाहिलें पाहिजे. कुकडीच्या पाण्यावर तेथें ऊंस वाढला, आणि उंसाच्या आडोशास बिबट्याची मादी पिलें देऊं लागली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसें, त्यांत मुलेंही, बळी पडलीं. अशा गांवीं शहरांतील स्वयंसेवक सहजीवनाचा उपदेश करूं लागला, आणि "दया तुमची नि लेंकरूं आमचें, हा कोठला न्याय?" असें एखाद्या शेतकऱ्यानें विचारलें, तर त्यास काय उत्तर द्यावें? एका मुक्या जनावरास एक सकाळभर वाट मोकळी करून देणें ज्यांस साधलें नाहीं, त्यांनीं इतरांस जन्मभराची सहनशीलता शिकवावी, हें आम्हांस विपरीत वाटतें.

मग स्वयंसेवकानें स्वस्थ बसावें काय? तसें नाहीं. ऊंसतोडणींत सांपडलेलीं बिबट्याचीं पिलें वनखात्याचे कर्मचारी व माणिकडोहच्या निवारा केंद्राचे लोक सायंकाळीं पुन्हां त्याच शेतांत नेऊन ठेवतात. रात्रीं आई येते व त्यांस घेऊन जाते. पिलांस मुकलेली मादी चवताळते. म्हणून ही कृति पिलांवरील दया तितकीच गांवकऱ्यांचें रक्षणही होय. तेथें उपदेश नाहीं, जागरण आहे. गोठ्यास भक्कम दार बसविणें, भरपाईचा अर्ज लिहून देणें, शेतीपंपास दिवसा वीज मिळावी म्हणून शेतकऱ्याबरोबर कचेरींत खेटे घालणें, हीं कामें क्षुद्र दिसतात खरीं. परंतु धोक्याचा कांहीं वाटा स्वतःच्या अंगावर घेतल्याखेरीज दयेची भाषा बोलण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं.

आणि पुण्यांत पुन्हां एखादा रानगवा आलाच, तर आम्हां नागरिकांची सेवा याहूनही सोपी आहे. दार लावून घरांत बसावें, एवढेंच.