स्लायडरला हात लावण्याआधी

बसा. हात मांडीवर राहू द्या. माउस तिथेच असू द्या.

समोर पडदा आहे. तळाशी मिनिटांची रेघ, तिच्यावर उभी राहिलेली शिखरं. एकेक शिखर म्हणजे एकेक पदार्थ.

हा एचपीएलसीचा, म्हणजे द्रावातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्राचा, सिम्युलेटर आहे. पॉल बॉसवेल, ड्वाइट स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटात घडवलेला, विद्यार्थ्यांसाठी मोफत. इथे पंप नाही. अ‍ॅसिटोनायट्रायल या द्रावकाची बाटली नाही. आणि आपली पाळी यायची वाट बघत मागे कुणी उभं नाही.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

फिनॉलचं शिखर शोधा. बाकीची राहू द्या. ते कुठे उठतं? बुडाशी किती रुंद आहे? उतरताना शेजारच्याला टेकतं का?

पाहत राहा.

आता मनानं कॉलममध्ये, पदार्थ वेगळे होतात त्या नळीत, उतरा. लांबी 150 मिलिमीटर, आतली रुंदी अवघी 4.6. आत सिलिकाचे 5 मायक्रॉनचे कण, कणांवर अठरा कार्बनांच्या साखळ्या. फिनॉलचा रेणू साखळीपाशी येतो. ओळखीच्या दारात क्षणभर टेकावं, तसा टेकतो. सुटतो. वाहतो. पुन्हा टेकतो.

त्याच्याबरोबर राहा.

अशाच टेकण्या-सुटण्यातून वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी वॉर्सात खडूची पूड भरलेल्या नळीत पानांतले रंग वेगळे केले. ते पट्टे डोळ्यांना दिसत. फिनॉलला रंग नाही. त्याला अतिनील प्रकाशात डिटेक्टर ओळखतो. म्हणून आपल्याला अधिक शांतपणे पाहावं लागतं.

आता अ‍ॅसिटोनायट्रायल वाहत्या द्रावात थोडं कमी करायचं आहे. लगेच नको. शिखर कुठे जाईल, ते आधी मनात ठरवा.

ठरलं?

स्लायडर हलवा.

शिखर उजवीकडे सरकतं. रुंदावतं. बुटकं होतं. तुम्ही ठरवलेली जागा आणि ही जागा, दोन्हींमधल्या अंतरावर नजर ठेवा. तुमचं शिकणं तिथेच चाललेलं आहे. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. खऱ्या यंत्रापाशी तो घाईत हातून निसटतो.

बुडबुडा अडकला की पंपाचा दाब कसा थरथरतो, ते मात्र प्रयोगशाळेतच कळेल. ते तिथेच शिका.

पुन्हा एक श्वास.

आता तापमान. 30 अंशांवरून 60. द्राव पातळ होईल. मग दाबाचं काय होईल? फिनॉलचं काय होईल?

उत्तर कागदावर लिहा. मग स्लायडर हलवा.