न सरकणारी खुर्ची

सेसना १७२ विमानाचं इंजिन सुरू करण्याआधी जी तपासयादी असते, तिच्यात सुरुवातीलाच खुर्चीची ओळ येते. खुर्ची हवी तशी पुढेमागे करायची आणि ती रुळावर पक्की अडकली ना, हे अंग मागे रेटून बघायचं. ही ओळ उगीच आलेली नाही. उड्डाण घेताना विमान नाक वर उचलतं, खिट्टी नीट बसलेली नसेल तर खुर्ची मागे घसरते, वैमानिक आधार म्हणून हातातलं योक ओढतो आणि नाक आणखीच वर जातं. अशानं माणसं गेली आहेत.

शिकागोच्या शॉमबर्ग उपनगरातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी जे नकली कॉकपिट बांधते आहे, त्यातली खुर्ची भंगारातल्या गाडीची आहे. रूळ काढून टाकून मी ती पाऊण इंची प्लायवुडवर बोल्टांनी आवळली आहे. ती सरकूच शकत नाही. तरी प्रत्येक वेळी मी अंग मागे रेटून बघते. कशासाठी?

हा उद्योग सुरू कसा करायचा, हे विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून तेही सांगून टाकते. बोइंग ७३७ च्या नादी लागू नका. डोक्यावरचं एक पॅनेलच तुमची उमेद खाऊन टाकेल. सेसना घ्या. आधी पुठ्ठ्यावर पॅनेल खऱ्या मापात काढा, समोर उभं करा आणि डोळे मिटून हात बरोबर जागी पोचतो का, ते आठवडाभर बघा. पैसे त्यानंतर. योक, थ्रॉटल आणि पायातली पेडलं तयार मिळतात. रेडिओची बटणं मी स्वतः केली: अर्डुइनो मेगाचा बोर्ड, रोटरी एन्कोडर आणि हे सगळं संगणकातल्या विमानाला जोडून देणारं मोबिफ्लाइट. वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते, त्यामुळे सोल्डरच्या वासाला मी लहानपणापासून सरावलेली.

आमच्या ओळखीतले एक काका हे सगळं बघून म्हणाले, "वहिनी, हे तर शुद्ध निष्काम कर्म! कष्ट सगळे खरे, फळ शून्य."

मी हसले, पण ते मला पटलं नाही. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. ती सोडायची तर फळ हवं ना! अर्जुनाच्या बाणानं माणूस मरणार होता, म्हणून तर त्याचे हात कापत होते. त्याच्या हातात सिम्युलेटरचं धनुष्य दिलं असतं तर अठरा अध्यायांची गरजच पडली नसती. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिलं, त्यातल्या लोकसंग्रहाच्या, म्हणजे जगाच्या भल्याच्या, कसोटीवर तर माझं बेसमेंट पहिल्याच फेरीत नापास. इथून कुणी कुठे पोचत नाही. माझे डोळे असे आहेत की खरं विमान मला चालवता येणार नाही, तेव्हा 'हा सराव आहे' असंही म्हणता येत नाही.

मग हा नुसता खेळ? तसं म्हणायला जीभ रेटत नाही, त्याला कारण आजी. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. देव्हाऱ्यापर्यंत जाता येईना, तेव्हा ती मानसपूजा करायची. आम्हाला वाटायचं, पडल्या पडल्या दोन मिनिटांत उरकत असेल. छे! पूर्वीइतकाच वेळ लागायचा. एकदा मी मध्येच चहा घेऊन गेले तर डोळे न उघडता म्हणाली, "थांब गं, अजून देव पुसायचेत." मनातल्या पाण्यानं भिजलेले देव ती मनातल्याच पंच्यानं कोरडे करत होती.

तमिळ शैवांच्या पेरियपुराणात पूसलार नायनार भेटतात. जवळ पैसा नाही, म्हणून त्यांनी शिवाचं देऊळ मनातच बांधलं. दगड, लाकूड, चुना सगळं मनात गोळा करून, पाया खणण्यापासून. तिकडे पल्लव राजा कांचीला खरं देऊळ बांधत होता. कुंभाभिषेकाच्या आदल्या रात्री शंकर राजाच्या स्वप्नात येऊन म्हणाले, तुझा मुहूर्त पुढे ढकल, उद्या मला पूसलारच्या देवळात जायचं आहे. आजीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. असती तर तिला त्यात नवल वाटलं नसतं.

वेदान्ती प्रतिभासाला, म्हणजे नुसत्या भासणाऱ्या जगाला, रोजच्या व्यवहाराच्या खालची पायरी देतात. शिकागोत राहून ती उतरंड मला जरा डळमळीत वाटते. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरचा मूळ कर्ता ब्रूस आर्टविक इलिनॉय विद्यापीठाचा. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या खेळातलं विमान सुरुवातीला शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवर उभं असायचं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेली यांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणून घेतल्या. व्यवहारातलं मेग्ज संपलं. जुन्या खेळातल्या मेग्जवर लोक अजून उतरतात.

मला वाटतं, खेळ आणि मानसपूजा यांतली सीमा एका बटणावर आहे. पॉज. डोंगर समोर आला की कळ दाबायची, चहा प्यायचा, परत यायचं. आजीजवळ ती सोय होती. देव ओलेच ठेवले असते तर विचारणारं कोण होतं? तिनं ती वापरली नाही. म्हणून मी कीबोर्ड कॉकपिटच्या बाहेर, हात पोचणार नाही असा ठेवला आहे. शॉमबर्गच्या छोट्या विमानतळाची धावपट्टी सुमारे ३,८०० फुटांची. उतरताना वेग जास्त झाला तर ती पुरत नाही. मग पुन्हा पूर्ण थ्रॉटल, वर चढणं, वळसा, सगळी यादी पहिल्यापासून.

तरी एक फरक उरतोच आणि तो मी झाकणार नाही. आजीची पूजा घेणारा कुणीतरी होता, निदान तिच्यापुरता नक्की होता. माझी यादी ऐकणारं बेसमेंटमध्ये कुणी नाही. नुसत्या यंत्रानं हा फरक मिटत नाही. एडविन लिंकनं १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून पहिलं नकली विमान केलं, तेव्हा ते आधी करमणुकीच्या बागांत विकलं गेलं. १९३४ साली टपाल नेणारे अमेरिकी सैन्याचे वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा सैन्यानं सहा यंत्रं घेतली. यंत्र तेच, फक्त आता त्यातून उतरणारा माणूस पुढे खऱ्या ढगात शिरणार होता. माझ्या खुर्चीतून उठणारी बाई वर जाऊन कुकर लावते.

सध्या घरात वाद वेगळाच आहे. आमच्या यांनी देवघरातला छोटा पितळी गणपती आणून पॅनेलच्या वरच्या कडेवर ठेवला. मी म्हटलं, खऱ्या सेसनात नसतो. शिवाय जिथे विघ्नच येणार नाही तिथे विघ्नहर्त्याला का बसवायचं? हे म्हणाले, "मग ती खुर्ची का हलवून बघतेस?" गणपती तूर्त तिथेच आहे. होकायंत्राच्या आड येतो, म्हणून चार बोटं डावीकडे सरकवला आहे.