दात आहेत, चणेही आहेत

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण नशिबाबद्दल बोलताना वापरतो. तिसरी शक्यता तिने धरलेलीच नाही: दात शाबूत आहेत, चणे ताटात आहेत आणि दाढ दाबायला जबड्यात जोर उरलेला नाही.

ही वेळ मायोसायटिसमध्ये येऊ शकते. मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. खांदे, दंड, मांड्या आधी ढिल्या पडतात. काहींच्या पापण्यांवर जांभळट झाक येते, बोटांच्या सांध्यांवर चट्टे उठतात. या प्रकाराला डर्मॅटोमायोसायटिस हे नाव १८९१ साली हाइनरिश उन्फेरिश्त या जर्मन डॉक्टरांनी दिलं.

हा आजार झालेली मुंबईतल्या मानखुर्दची एक बाई डोळ्यांसमोर आणते. फलाटावरून लोकलमध्ये चढताना तिची मांडी साथ देत नाही, दांडा धरायला हात वर जात नाही. हे ती डॉक्टरांना सांगते, कारण समोरून गाडी निघून जाते. भाकरीचं मात्र ती सांगत नाही. घरानेच ते परस्पर सावरून घेतलेलं असतं. आधी भाकरीचे पापुद्रे काढून दिले, मग डाळीत कुस्करून, मग नुसता मऊ भात, आणि संध्याकाळी चहात बुडवलेली बिस्किटं. घास किती वेळ तोंडात घोळतो, हे फक्त शेजारी जेवणाऱ्याला कळतं. घरच्यांची ही माया मला फार मोलाची वाटते, आणि आजार तिच्याच आड लपतो, याने जीव कळवळतो.

दवाखान्यातही जबड्याचा हा दुबळेपणा सापडेलच असं नाही. मायोसायटिसमध्ये ताकद मोजायची एक रूढ पद्धत आठ स्नायूंची आहे: मान, खांदा, दंड, मनगट, नितंबाचे दोन, मांडी, पाऊल. प्रत्येकाला दहापैकी गुण. जबड्याचा एकही स्नायू त्यात नाही. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गिळण्याचा त्रास धरला आहे, चावण्याचा नाही. हातापायांइतक्या सर्रास हे स्नायू दुखावत नसतील, मान्य. पण ज्याचे दुखावले, त्याचं दिवसाचं प्रत्येक जेवण त्यात अडकतं. आणि नीट न चावलेला घास दुबळ्या घशात उतरताना श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

आपल्याकडे यात तंबाखू-सुपारीचा गोंधळ आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी सुपारी, मावा, मिश्री घराघरांत आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड पुरतं उघडत नाही. ‘चावता येत नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी तेच येतं. पण तोंड उघडत नाही आणि तोंड उघडतं पण दाढ दाबली जात नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

इकडे दातही मागे लागतात. जीभ आणि गाल दमले की अन्नाचे कण हिरड्यांपाशी साचून राहतात. मऊ, गोड खाणं दातांना चिकटतं. खांदा उचलत नाही म्हणून ब्रश कसाबसा फिरतो. पाण्याची वेळ सांभाळून भरलेल्या पिंपातलं पाणी चुळा भरायला किती वापरायचं, हाही हिशेब असतो. स्टेरॉइडने तोंडात पांढरी बुरशी धरते, मेथोट्रेक्सेटने फोड येऊ शकतात. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून जी औषधं देतात, त्यांतल्या काहींवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. म्हणून ती सुरू करण्याआधीच दात दाखवून घ्यायला हवेत.

पण दाखवायचे कुठे? स्नायूंचा डॉक्टर एका इमारतीत, दातांचा दुसऱ्या. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यापासून दोघांच्या नियामक संस्थाही वेगळ्या. मानखुर्दहून केईएम रुग्णालयात जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलून परळ; नायरच्या दंत रुग्णालयात जायचं तर कुर्ला, मग दादर, मग मुंबई सेंट्रल. जिची मांडी पायरी चढत नाही, तिने हे पूल आणि जिने दोनदा चढायचे, दोन वेगळ्या दिवशी, दोन दिवसांची मजुरी बुडवून. या दोन खोल्या एका छताखाली, एकाच दिवशी का नसाव्यात, या प्रश्नाला पटेल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

तोवर करण्यासारखं थोडं आहे. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा, कोपर ओट्यावर टेकवून दात घासावेत. दातांच्या खुर्चीत पूर्ण आडवं न होता पाठ उंच ठेवायला सांगावं आणि काम थोडं थोडं, मध्ये विसावा घेत करून घ्यावं. आणि पुढच्या तपासणीला घरातलं एक माणूस सोबत जावं, जे रोज तिच्या शेजारी बसून जेवतं. डॉक्टरांनी हातपाय दाबून पाहिल्यावर त्याने सांगावं: हिने अख्खी भाकरी खाल्ली, त्याला आता चार महिने झाले.