नकाशा काढण्याआधी

सार्वजनिक संडासाचा नकाशा जो काढतो, तो त्या संडासाच्या रांगेत सहसा कधी उभा राहिलेला नसतो. यात त्याचा दोष नाही. महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याच्या घरी संडास असतो, आणि त्याच्या हातातल्या प्रमाणित आराखड्यात इतक्या लोकसंख्येमागे इतक्या सीट, एवढाच हिशेब असतो. पहाटे टमरेल घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या पुढे कोण घुसतो, लहान पोराला रांगेतून बाजूला कोण सारतो, कडी तुटलेली असली की आत गेलेल्या मुलीसाठी दाराशी कोण थांबते, हे त्या आराखड्यात मावत नाही. वस्तीतल्या कोणालाही विचारा, दोन मिनिटांत सांगेल. प्रश्न एवढाच की विचारायचे कधी? नकाशा काढण्याआधी, की उद्घाटनाच्या दिवशी?

पुण्यात एकदा हा प्रश्न आधी विचारला गेला. 1999 साली रत्नाकर गायकवाड महापालिकेचे आयुक्त होते. शहराची लोकसंख्या तेव्हा अठ्ठावीस लाखांच्या घरात होती आणि त्यातले दर पाचांपैकी साधारण दोघे झोपडपट्टीत राहत होते. झोपडपट्ट्या पाचशेहून अधिक. ठेकेदाराने बांधायचे, महापालिकेच्या सफाई कामगाराने जमेल तेव्हा धुवायचे आणि वर्षा-दोन वर्षांत दारे-नळ नाहीसे व्हायचे, ही सार्वजनिक शौचालयांची ठरलेली कहाणी होती. गायकवाडांनी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. अट अशी की बांधणाऱ्यानेच वस्तीच्या मदतीने पुढची देखभालही करायची. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची. आखणी, बांधणी आणि निगा संस्थेची व वस्तीची. 2001 पर्यंत चारशेहून अधिक शौचालये आणि दहा हजारांवर सीट उभ्या राहिल्या. आधीच्या तीस वर्षांत मिळून जेवढे झाले नव्हते, तेवढे दोन-अडीच वर्षांत झाले.

यातली शंभरावर शौचालये 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था, झोपडपट्टीवासीयांचे नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि 'महिला मिलन' या तिघांनी मिळून बांधली. महिला मिलन म्हणजे 1986 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून सुरू झालेले बचतगटांचे जाळे. फेडरेशनचे जॉकिन अर्पुथम स्वतः मुंबईच्या जनता कॉलनीत राहिलेले आणि ती वस्ती 1976 मध्ये उठवली गेली तेव्हा लढलेले. म्हणजे निविदा भरणाऱ्यांमध्ये रांगेत उभी राहिलेली माणसे होती. पुण्यात काही ठिकाणी तर वस्तीतल्या बायकांनीच बांधकामाचा ठेका घेतला. सिमेंटच्या गोण्या मोजणे, गवंड्याशी हुज्जत घालणे, बिल पास होईपर्यंत महापालिकेत खेटे घालणे हे सगळे त्यांनी केले. आयुष्यात ज्या कार्यालयात त्या फक्त तक्रार घेऊन गेल्या असतील, तिथे आता त्यांची बिले अडकू लागली. ही बढतीच म्हणायची.

आराखडा कसा बदलला ते पाहण्यासारखे आहे. जुन्या शौचालयात लहान मुलांची फार आबाळ व्हायची. अंधार, मोठ्यांच्या मापाचे भांडे, त्यात पडण्याची भीती, आणि रांगेत मोठी माणसे पुढे ढकलणार. मग मुले बाहेर उघड्यावर, गटाराच्या कडेला बसायची, आणि शहाणी माणसे म्हणायची की या लोकांना सवयच नाही. वस्तीतल्या बायकांनी मुलांसाठी वेगळा भाग मागितला. छोटी भांडी, धरायला दांडी, उजेड. पुरुषांच्या आणि बायकांच्या भागाला दारे वेगळी, म्हणजे येता-जाता नजरा सोसाव्या लागू नयेत. पाण्याची मोठी टाकी, कारण नळाला पाणी येते तेव्हा संडासला कोणी जात नाही आणि संडासला जायचे असते तेव्हा नळाला पाणी नसते. राखणदार कुटुंबासाठी तिथेच एक खोली, म्हणजे जागेवर माणूस राहील. महिन्याला कुटुंबामागे वीसेक रुपयांचा पास काढायचा आणि त्यातून राखणदाराचा पगार व फिनेल-झाडूचा खर्च भागवायचा. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर वस्तीची बैठकीची खोलीही झाली. संडासाच्या डोक्यावर सभागृह ही कल्पना ज्याला चमत्कारिक वाटते, त्याने ते आवार किती स्वच्छ ठेवावे लागत असेल याचा विचार करावा. वर बारशाचा कार्यक्रम असेल तर खाली घाण कोण राहू देईल?

यातली एकही गोष्ट मोठ्या अभियांत्रिकीची नव्हती, आणि निविदांचे आकडेही महापालिकेच्या अंदाजापेक्षा कमी भरले. मग इतकी वर्षे ती सुचली का नाही? सुचायला ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले नव्हते, इतके साधे उत्तर आहे. पण त्या साध्या उत्तरात एक नैतिक पेच दडलेला आहे. ज्याला विचारायचे त्याला बरोबरीचा मानावे लागते. बचतीची वही अंगठ्याने चालवणारी बाई आणि पदवीधर अभियंता एका टेबलाशी बसले आणि नकाशावर तिने बोट ठेवून 'हे दार इथे नको' म्हटले, तर अभियंत्याला एक तर ते ऐकावे लागते किंवा का ऐकत नाही ते सांगावे लागते. दर आठवड्याला आयुक्तांसमोर आढावा व्हायचा, संस्था आणि अधिकारी समोरासमोर यायचे, त्यामुळे फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे सगळ्यांसमोर कळायचे. मला या कार्यक्रमातली सर्वांत मोठी गोष्ट ही बैठक वाटते.

या बायकांना संडासाची लाजही वाटेनाशी झाली होती. नवे शौचालय झाले की त्या 'संडास मेळा' भरवत. अधिकारी, नगरसेवक, दुसऱ्या वस्त्यांतल्या बायका येऊन पाहत, माप घेत, चुका काढत. जून 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधील इमारतीत अशा शौचालयाचा नमुना उभा राहिला आणि सरचिटणीस कोफी अन्नान तो पाहायला आले. ज्या विषयावर आपल्याकडे जेवताना बोलणे वर्ज्य, तो विषय या बायकांनी जगाच्या दिवाणखान्यात मांडला.

आता दुसरी बाजू. 'लोकसहभाग' हा अलीकडे प्रशासनाचा लाडका शब्द झाला आहे, आणि त्याच्याकडे थोडे संशयाने पाहावे असे मला वाटते. 2 ऑक्टोबरला साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे नवे कोरे झाडू घेऊन फोटोपुरते रस्त्यावर उतरतात, तोही लोकसहभाग. कचरा वेगळा करा, झाडे दत्तक घ्या, खड्ड्याचा फोटो पाठवा, हाही लोकसहभाग. यात वाईट काही नाही, पण या सगळ्यांत महापालिका आपले काम वाटून देत असते. अधिकार मात्र ती मुठीत धरून ठेवते. खड्ड्याचा फोटो पाठवायचा मी. पण त्या रस्त्याचा ठेका कोणाला, किती वर्षांच्या हमीवर आणि हमीच्या मुदतीत रस्ता उखडला तर दंड किती, हे ठरवताना मी कुठेच नसतो. सोबत म्हणायची तर ठरवताना हवी. नुसते राबताना सोबतीला बोलावणे याला जुन्या मराठीत वेठ म्हणत.

ठरवण्यात वाटा देण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली, देशातल्या सुरुवातीच्या अशा प्रयोगांपैकी हा एक. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, आपल्या भागातले काम सुचवायचे. पण एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पाच लाखांत बाक येतो, दिवे येतात, पदपथाचा तुकडा येतो. उड्डाणपूल, नदीकाठ, कचरा डेपो हे विषय त्या अर्जाच्या कक्षेबाहेर. कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि 2009 मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात जशी ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा, असा हेतू. वाचकहो, तुमच्या क्षेत्रसभेला तुम्ही शेवटचे कधी गेला होता? मार्च 2022 मध्ये पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. जिथे सभागृहच नव्हते तिथे क्षेत्रसभेची तक्रार कोणाकडे करायची होती?

याच पुण्यात महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेवढे आपण शाळेत शिकतो. नंतर 1876 पासून ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. घरच्या हौदापुरते जे करता येईल ते त्यांनी कोणाची वाट न पाहता केले. शहराच्या पैशाचे काय होते हे पाहायला ते आत जाऊन बसले. स्वतः हात घालणे आणि हक्क मागणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे त्यांना वाटले नाही. आपण बहुतेक वेळा एकच निवडतो. काही जण आयुष्यभर गल्ली झाडतात, काही जण आयुष्यभर अर्ज लिहितात, आणि एकमेकांना थोडे हसतात.

पुण्याच्या त्या शौचालयांतली सगळी सारखी निघाली नाहीत हेही सांगायला हवे. काही ठिकाणी निगा ढासळली. आणि जिथे सगळे चांगले चालले तिथेही एक बोच उरते. वस्तीतल्या कुटुंबाने संडासासाठी महिन्याला पास काढायचा, समिती नेमायची, राखणदाराशी वाद घालायचे, हिशेब ठेवायचा. मुंबईत जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात तर बांधकामाआधीच मोठ्या माणसामागे शंभर आणि मुलामागे पन्नास रुपये वर्गणी होती. हेतू बरा होता. पैसे घातले की आपलेपणा येतो. पण हाच न्याय फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कोणी लावत नाही. माझ्या घरच्या संडासातले पाणी ज्या मोठ्या ड्रेनेज लाइनमधून मैलाशुद्धीकरण केंद्रापर्यंत जाते, तिच्या देखभालीच्या बैठकीला मला कोणी कधी बोलावले नाही आणि मी गेलोही नसतो. मला सेवा मिळते. वस्तीला सहभाग मिळतो. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईचा संध्याकाळचा तास हा तिच्याकडचा सर्वांत महाग तास असतो, आणि सार्वजनिक सोयीसाठी आपण नेमका तोच मागतो. म्हणून सहभागाबद्दल बोलताना वेळेची ही वर्गणी हिशेबात धरली पाहिजे. वस्तीने ठरवावे, हे मला मान्य आहे. वस्तीनेच झाडावे आणि वस्तीनेच पैसे भरावेत, हे त्यातून आपोआप येत नाही.

आणि 'नागरिक' म्हणजे तरी कोण? वर्तमानपत्रांत तो एकच असतो, जागरूक आणि हसतमुख. प्रत्यक्षात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नागरिक राहतात. वस्तीसाठी शौचालयाची जागा शोधली की सर्वांत आधी पत्र येते ते शेजारच्या सोसायटीचे. आमच्या भिंतीला लागून नको, वास येईल, फ्लॅटच्या किमती उतरतील. पत्र नीट टाइप केलेले, लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीचे, प्रती आयुक्त व आमदारांना. वॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने हाही लोकसहभागच, आणि बऱ्याचदा पहिला पोचलेला. समोरच्या वस्तीच्या बायका अजून पाण्याच्या रांगेत असतात. मग जागा सरकते, नाल्याच्या कडेला किंवा टेकडीच्या आणखी वर, जिथे रात्री जायला मुली घाबरतात.

अशा वेळी अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बोलावले पाहिजे, आणि तेही वस्तीला जमेल अशा वेळी, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकराला नव्हे. सोसायटीच्या अध्यक्षांनी आपले म्हणणे त्या बायकांच्या समोर मांडावे. वासाचा प्रश्न खरा असेल तर भिंतीची उंची, खिडक्यांची दिशा, टाकीची जागा यांवर बोलता येते. किमतीचा असेल तर तेही तिथेच, त्यांच्या तोंडावर बोलावे. त्यानंतर निर्णय कोणाच्या तरी विरोधात जाईल. ज्याच्या विरोधात जाईल त्याला कारण लेखी मिळावे, आणि पुढच्या महिन्यात बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्याला ते कारण फाइलीत सापडावे.