पाण्याची साक्ष

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. खोलात शिरले की नको ते हाती लागते, तेव्हा न शिरलेलेच बरे, असा तिचा व्यवहारी सल्ला. आपण तो बऱ्याचदा पाळतोही. परंतु उत्तर अमेरिकेच्या अतिथंड प्रदेशात एका नदीकाठची माणसे नेमके याच्या उलट वागत आहेत.

ती नदी म्हणजे युकॉन. कॅनडात उगम पावून, अलास्का ओलांडून ती बेरिंग समुद्राला मिळते. लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. तिच्या काठच्या आदिवासी समाजांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातील सॅमन माशांवर पोसलेले आहे. १९९७ साली या समाजांनी दोन देशांची सीमा बाजूला ठेवून नदीखोऱ्याची एक परिषद स्थापन केली. ७० हून अधिक जमाती तिच्यात सामील झाल्या. त्यांचे ध्येय अगदी साधे आहे: पूर्वज पीत तसे नदीचे पाणी थेट ओंजळीने पिता यावे.

२००६ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या सहकार्याने गावातलीच माणसे पाण्याची तपासणी करतात. प्रशिक्षण घेऊन ती पाण्याचे तापमान, आम्लता, विरघळलेला प्राणवायू मोजतात, बाटल्या भरून प्रयोगशाळेकडे पाठवतात. काम तसे कंटाळवाणे. पाणी चांगले असले तरी नोंद करायचीच. कारण निरोगी असताना नाडी कशी चालते हे ठाऊक नसेल, तर आजार ओळखायचा कसा? जून २०२४ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रांतात एका सोन्याच्या खाणीतील खनिजाचा प्रचंड ढिगारा कोसळला आणि सायनाइड जवळच्या ओढ्यापर्यंत पोहोचले. त्या ओढ्याचे पाणी शेवटी युकॉनलाच मिळते. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, 'पूर्वी पाणी कसे होते?' जुनी वही नसेल, तर त्याचे उत्तर कोणापाशीच नसते.

पण खरा पेच पुढेच आहे. त्या प्रदेशात जमिनीखालचा कायम गोठलेला थर आता वितळू लागला आहे. सरकारी आणि गावकऱ्यांच्या नोंदी एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन दशकांत नदीतून वाहून जाणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट यांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले. पाणी आता जमिनीच्या अधिक खोल थरांतून झिरपत येते, याची ती खूण. हे वितळणे त्या गावांच्या हातून झालेले नाही आणि त्यांच्या हातून थांबणारेही नाही. चिनूक सॅमन तर इतके घटले, की २०२४ मध्ये त्यांच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी घालावी लागली. मग जे थांबवता येत नाही, ते मोजत बसण्यात काय अर्थ? आणि ज्यांनी बिघडवले नाही, त्यांनीच पहारा करायचा, हा कुठला न्याय?

हा न्याय नव्हे, हे आपण आधी कबूल करू या. अहवालावर अहवाल लिहून कृती टाळता येते, हेही खरे. तरीही आम्हांला वाटते की ही मोजणी व्यर्थ नाही. अन्याय करणाऱ्याची सर्वांत सोयीची सबब असते, 'आम्हांला ठाऊक नव्हते.' प्रामाणिक नोंद ही सबब काढून घेते. मात्र ती प्रामाणिकच हवी. खाणीवर कितीही राग असला, तरी आकडा चांगला आला तर चांगलाच लिहावा लागतो. नाहीतर उद्या वाईट आकड्यावर कोण विश्वास ठेवील? साक्षीदाराने आपल्या मनातले नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेले सांगायचे असते.

साक्षीदाराने साक्ष दिली की त्याचे कर्तव्य पुरे होते. तेथून पुढचे ओझे ऐकणाऱ्याच्या खांद्यावर येते. ऐकणाऱ्यांत आपणही आहोत. आपण येथे जाळलेल्या इंधनाची ऊब त्या गोठलेल्या जमिनीपर्यंत पोहोचते. शेजार केवळ भिंतीला भिंत लागून होत नाही. आपल्या वागण्याचे परिणाम ज्याच्या ओंजळीत जाऊन पडतात, तोही आपला शेजारीच.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या घरामागच्या विहिरीचे पाणी दहा वर्षांपूर्वी कसे होते आणि आज कसे आहे, हे आपल्यापैकी किती जण नक्की सांगू शकतील? पाणी बिघडले म्हणून आपण हळहळतो, पण ते कधीपासून बिघडले हे आपण लिहून ठेवलेले नसते. एक वही घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.