एलीयाला आधी भाकर

2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. डिचोली तालुक्यात, मुळगावच्या परिसरात, पुष्कळ घरांची चूल खाणीवर पेटत असे. अशा वेळी बापाचा घोर मुलाला न सांगता कळतो. मग ते जेवणावर रुसते, धाकट्याला मारते. आणि आपण त्याला हट्टी म्हणून दटावतो.

प्रियजनहो, 1 राजे 19 मध्ये देव काय करतो ते पाहू. भ्यालेला एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला दटावीत नाही. दूत त्याला दोनदा जेवू घालतो, मध्ये झोपू देतो. पुढे देव विचारतो, त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकतो आणि काम सोपवून परत पाठवितो.

घरात व रविवारच्या शाळेत आपणही हाच क्रम पाळू. मुलाला आधी जवळ घेऊ, पेज देऊ, मग विचारू, "बाळा, भीती वाटते का?" त्याचे बोलणे मध्येच तोडू नये. घरची ओढाताण साध्या शब्दांत सांगावी. न सांगितलेल्या काळजीचा दोष मुले स्वतःकडे घेतात. मारणे चूकच, हे ते शांत झाल्यावर सांगू आणि धाकट्याची समजूत घालण्याचे काम त्यालाच देऊ.

देव आपले ऐकतो, हे मुलांना आपल्या ऐकण्यातूनच प्रथम कळते.