डोळ्यातील सुप्त विषाणू आणि दोषाचा प्रश्न

हर्पीस सिम्प्लेक्स आणि व्हॅरिसेला झोस्टर हे दोन विषाणू एकदा शरीरात शिरले की आयुष्यभर मुक्काम करतात. पहिल्यामुळे तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात, तर दुसऱ्यामुळे लहानपणी कांजिण्या आणि पुढे कधीतरी नागीण होते. दोन्ही डोळ्यावर उतरू शकतात आणि दोन्ही बरे झाल्यासारखे वाटून वर्षांनी परत येऊ शकतात. या वागण्यातून वैद्यकाच्या पलीकडचे दोन प्रश्न उभे राहतात. दिसत नसताना रोग असतो का? आणि तो पुन्हा उठला तर दोष कोणाचा?

हर्पीस सिम्प्लेक्सची पहिली लागण बहुधा लहानपणी होते, तीही घरच्याच माणसांच्या जवळिकीतून. पुष्कळदा ती कोणाच्या लक्षातही येत नाही. त्वचेतून किंवा डोळ्यातून विषाणू नसेच्या टोकात शिरतो आणि उलट दिशेने प्रवास करत ट्रायजेमिनल नसेच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठीत पोहोचतो. कपाळ, डोळा, गाल आणि जबडा यांची संवेदना याच नसेतून मेंदूकडे जाते. तिथे पेशीच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए वर्तुळाकार होऊन पडून राहतो. त्याची जवळजवळ सगळी जनुके गप्प असतात आणि नवे विषाणू तयार होत नाहीत. म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींना त्याचा नायनाट करता येत नाही आणि औषधालाही पकडायला काही सापडत नाही. १९७०च्या दशकात मृत माणसांच्या याच गाठींतील ऊती प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्यांतून जिवंत विषाणू बाहेर आला, तेव्हा या सुप्त मुक्कामाचा पुरावा मिळाला.

ताप, तीव्र ऊन, डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे अशा निमित्तांनी गप्प जनुके जागी होऊ शकतात. नवे विषाणू तयार होऊन नसेतून डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे बुबुळावर उतरतात. तिथे झाडाच्या फांद्यांसारखी जखम होते. फ्लुरोसिन नावाचा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिले की ती हिरवी चमकते. जखम वरवरची असेल तर डाग न राहता भरते. वारंवार उठणारा रोग मात्र पडद्याच्या आतल्या थरात शिरतो, तो थर गढूळ करतो आणि लोक ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात तो पांढरा डाग कायमचा राहतो. डोळे आले समजून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले तर लाली उतरते, पण वरवरची जखम पसरत जाते.

नागिणीचा मार्गही असाच आहे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दशकानुदशके राहतो आणि वय वाढले, प्रतिकारशक्ती उतरली की एका नसेच्या पट्ट्यात उफाळतो. कपाळाच्या नसेत उठला तर पापणी, बुबुळ आणि कधी दृष्टिपटलही सापडते. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात असण्याची शक्यता वाढते, कारण शेंड्याला आणि डोळ्याला संवेदना पुरवणारी उपनस एकच आहे. वऱ्हाडात, तसे महाराष्ट्रभरच, नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात नसेचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून विळखा बहुधा पूर्ण होतच नाही. गेरूचा लेप लावण्यात आणि मंत्र घालून घेण्यात जे दोन-तीन दिवस जातात, नेमके तेच मोलाचे असतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वांत जास्त.

आता पहिला प्रश्न. दोन उठावांच्या मधल्या काळात रोग कुठे असतो? भारतीय दर्शनांत कार्यकारणाचा वाद फार जुना आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादाप्रमाणे कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात अव्यक्त रूपाने असतेच. नैयायिकांच्या असत्कार्यवादाप्रमाणे ते आधी नसते. कारणांची पूर्ण सामग्री जुळली की ते नव्याने जन्मते. सुप्त विषाणू पाहिला की पहिल्या क्षणी सांख्यमत पटते, कारण रोगाचा सगळा आराखडा पेशीत जसाच्या तसा असतो. पण जगातील ५० वर्षांखालील सुमारे दोन-तृतीयांश माणसांच्या शरीरात हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार असतो आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्याला आयुष्यभर काहीही होत नाही. या सर्वांना डोळ्याचा अव्यक्त रोग आहे असे म्हटले तर ‘रोग’ या शब्दाला अर्थच उरत नाही. इथे नैयायिकांचे म्हणणे अधिक नेमके ठरते. कारण हजर आहे, कार्य नाही आणि सहकारी कारणांवाचून ते होणारही नाही.

योगदर्शन याच स्थितीकडे साधनेच्या बाजूने पाहते. पतंजलींनी क्लेशांच्या प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. प्रसुप्त क्लेश चित्तात बीजरूपाने असतो आणि आलंबन मिळताच जागा होतो. क्रियायोगाने तो तनू, म्हणजे क्षीण होतो आणि विवेकज्ञानाने भाजलेल्या बीजासारखा होऊन पुन्हा उगवत नाही. या विवेचनावरून प्राचीनांना विषाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे चूक आहे. विषाणू हा संस्कार नव्हे, तो भौतिक आहे. तरीही दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. लक्षण नसणे म्हणजे मुक्ती नव्हे, हे एक. आणि समूळ नाश हाती नसला तरी क्षीण करणे हे खरे साध्य असते, हे दुसरे. सुप्त हर्पीसचे बीज भाजणारे औषध आजच्या वैद्यकाकडे नाही. क्षीण करणारे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असिक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा वर्षभर दिल्यावर डोळ्यातील रोग परतण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. त्याचे निष्कर्ष १९९८मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न दोषाचा. रोग परतला की माणूस कारण शोधतो. पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप, राहिलेला नवस, नाहीतर ‘फार चिंता केलीस’ हा घरच्यांचा ठपका. असिक्लोव्हिरच्या त्या अभ्यासाच्याच मालेत रुग्णांकडून दर आठवड्याला ताणतणावाची नोंद घेतली गेली, तेव्हा मानसिक ताण आणि डोळ्यातील उठाव यांचा संबंध आढळला नाही. रोग उठल्यानंतर भरलेल्या नोंदींत मात्र ताण जास्त दिसला. दुःख आले की मन मागे वळून अपराध शोधते, त्याचे हे मोजलेले उदाहरण आहे. कर्मसिद्धान्ताच्या नावाने रुग्णाला दोषी ठरवणे परंपरेलाही धरून नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात दैव आणि पुरुषकार दोन्ही मानले आहेत आणि दुबळे दैव प्रबळ प्रयत्नाने हटते असे स्पष्ट सांगितले आहे. सगळेच दैवाधीन असते तर औषधाला अर्थच उरला नसता. बालपणी नकळत झालेली लागण हा कोणाचाच गुन्हा नाही. जबाबदारी सुरू होते ती कळल्यानंतर.

वऱ्हाडच्या धर्मजीवनात या विचाराला भक्कम आधार आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) वयाच्या पहिल्याच वर्षी दृष्टी गमावून बसले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी दर्शनांचा अभ्यास केला, मधुराद्वैत मांडले आणि विपुल लेखन केले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. अंधत्व हा माणसाच्या पापाचा निवाडा आहे असे या समाजाने मानले असते तर त्यांच्या पायाशी बसून कोणी वेदान्त ऐकला नसता. मात्र प्रज्ञेचा हा गौरव म्हणजे वाचवता येणारा डोळा गमावण्याचे समर्थन ठरू शकत नाही. शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी नवस आणि पशुबळी यांच्याविरुद्ध गावोगाव कीर्तने केली. अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार मिळवून देणे हे त्यांच्या दशसूत्रीत धर्मकृत्य म्हणूनच येते.

त्यामुळे वऱ्हाडच्या परंपरेतूनच उत्तर मिळते. सुप्त कारण बाळगणे हे पाप नाही आणि ते पुन्हा उठणे ही शिक्षा नाही. कळूनही हयगय करणे एवढाच काय तो दोष. एक डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा कपाळावर एका बाजूला फोड उठले, तर अंगारा किंवा हाताला लागतील ते थेंब घालू नयेत. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचे इर्विन रुग्णालय किंवा जवळचा नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी गाठावा आणि पूर्वी असा त्रास झाला असल्यास तो आवर्जून सांगावा. ज्याचा रोग परतला आहे त्याला घरच्यांनी कारणे विचारत बसू नये, दवाखान्यात सोबत जावे.